एका मार्काचे गाडगीळ

शिरूर कासारच्या अभ्यासिकेत बसून तुम्ही स्पर्धा परीक्षेची तयारी करत असाल, तर हे नाव तुमच्या वहीत कुठंतरी असणारच. गाडगीळ सूत्र कशाशी संबंधित आहे? चार पर्याय, एक मार्क. केंद्राकडून राज्यांना मिळणारी योजना-मदत, असं उत्तर ठोकून तुम्ही पुढच्या प्रश्नाकडं वळता.

दसरा उलटलेला असतो. अभ्यासिकेच्या बाहेर रस्त्यावरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून चाललेले असतात. पत्र्याच्या पेट्या, पिठाचे डबे, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, एखादी शेळी, आईच्या मांडीवर पेंगणारं लेकरू. त्यात तुमच्या गल्लीतली, वस्तीवरची माणसं असतात. कदाचित तुमचे आईवडीलसुद्धा. ती आता उन्हाळा लागल्यावरच परत येणार.

परीक्षेतले गाडगीळ आणि रस्त्यावरचा हा ट्रक यांचं एकमेकांशी नातं आहे. गाईडमध्ये ते सापडत नाही. म्हणून आज त्या एका मार्कामागच्या माणसाची गोष्ट.

आधी एक घोळ मिटवून टाकू. महाराष्ट्रात गाडगीळ पुष्कळ होऊन गेले. नेहरूंच्या मंत्रिमंडळातले ते काकासाहेब गाडगीळ. कथा लिहिणारे ते गंगाधर गाडगीळ. पश्चिम घाटाच्या अहवालामुळे गाजले ते माधव गाडगीळ. आपले गाडगीळ म्हणजे धनंजय रामचंद्र गाडगीळ, माधवरावांचे वडील. धंदा म्हणाल तर अर्थशास्त्राचा प्राध्यापक. आणि याच प्राध्यापकानं एका साखर कारखान्याचं पहिलं अध्यक्षपद सांभाळलं.

नागपूर ते केंब्रिज, आणि परत

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा, नाशिकचा. शाळा नागपुरात झाली. पुढच्या शिक्षणासाठी ते इंग्लंडला, केंब्रिज विद्यापीठात गेले. त्या काळी तिकडं जाणारा हुशार मुलगा आयसीएस नाहीतर बॅरिस्टर होऊन परतायचा. यांनी तिथं बसून अभ्यास केला तो आपल्याकडच्या शेतकऱ्याचा, विणकराचा, गिरणीतल्या मजुराचा आणि दुष्काळाचा. १८६० नंतरच्या काळात भारतात उद्योग कसे उभे राहिले आणि त्यात जुन्या कारागिरांचं, शेतकऱ्यांचं काय झालं, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. तो १९२४ साली पुस्तकरूपानं छापला गेला. पुढं कित्येक वर्षं अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते पुस्तक टाळता आलं नाही.

परत आल्यावर थोडे दिवस मुंबई सरकारच्या अर्थखात्यात नोकरी झाली. मग पंचविशीतच ते सुरतच्या कॉलेजचे प्राचार्य झाले. खुर्ची होती, पगार होता, मान होता. एवढ्यावर थांबले असते तरी कुणी नावं ठेवली नसती.

१९३० साली पुण्यात एक नवी संस्था निघाली. रावबहादूर आर. आर. काळे यांनी भारत सेवक समाजाला देणगी दिली आणि त्यातून गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक म्हणून गाडगीळ आले ते १९६६ पर्यंत तिथंच राहिले. छत्तीस वर्षं. तुमच्या वयाच्या जवळजवळ दुप्पट.

मोजायला निघालेली माणसं

तुमच्या अभ्यासक्रमात आता फील्ड प्रोजेक्ट आहे, ओजेटी आहे. त्याला क्रेडिट आहेत. ते कसं उरकलं जातं, हे तुम्हाला सांगायला नको. मागच्या वर्षीच्या मुलाची फाईल मिळवायची, नाव बदलायचं, चार फोटो चिकटवायचे, स्पायरल बाइंडिंग करायचं आणि जमा करायचं.

गोखले संस्थेत फील्ड प्रोजेक्ट हेच मुख्य काम होतं. आपल्या देशाबद्दल बोलायचं तर आधी आपल्याजवळ आपले आकडे पाहिजेत, या भूमिकेतून गाडगीळांनी पाहण्यांचा धडाका लावला. पुण्यात फळं येतात ती कुठून येतात, मधल्या हातांना किती जातं, बागवाल्याच्या पदरात काय पडतं, याची पाहणी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. मग मोटारबस वाहतुकीची पाहणी झाली. रस्त्यावर धावणाऱ्या खासगी बसगाड्यांचा हिशेब सहा जिल्ह्यांत फिरून मांडला. वाई तालुक्यात शेतकऱ्यांच्या शेतीचा जमाखर्च लिहून घेतला. पुणे शहरात घरोघरी जाऊन लोक काय कमावतात, किती जण एका खोलीत राहतात, हे नोंदवलं.

आज हे ऐकताना विशेष वाटणार नाही. पण त्या काळी देशाच्या गरिबीवर भाषणं उदंड होती आणि एका तालुक्यातल्या शेतकऱ्याचं वर्षाचं गणित मात्र कुणाजवळ धड नव्हतं. शेतकऱ्याला खर्च विचारणं सोपं नसतं, हे तुम्हीही जाणता. बियाणं घरचं, बैल घरचा, राबणारी माणसं घरची. मग खर्च किती धरायचा? कर्जाचा आकडा कुणी खरा सांगत नाही. सातबारा एकाच्या नावावर आणि कसतो दुसराच. ही सगळी भानगड सोडवत त्या पाहण्या झाल्या.

यातली एक पाहणी आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाची आहे. ती गोदावरी आणि प्रवरा नदीच्या कालव्यांची. १९४८ साली तिचा अहवाल छापला गेला. पाणी आल्यावर नुसता पिकाचा फायदा किती, एवढ्यावर ती थांबली नाही. कालव्यामुळे मजुरी किती वाढली, व्यापार किती वाढला, सरकारच्या तिजोरीत आडवाटेनं किती पैसा आला, असा आजूबाजूचा सगळा फायदा तिनं मोजायला घेतला. धरण-कालव्यांचा हिशेब असाही मांडता येतो, हे अभ्यासकांनी त्यातून उचललं.

पाणी होतं, गूळ होता, पैसा नव्हता

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. शिरूरहून पश्चिमेला निघालात की पाथर्डी तालुका लागतो, म्हणजे अहिल्यानगर जिल्हा, तेव्हाचा अहमदनगर. त्याच जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला सह्याद्रीत भंडारदरा आहे. तिथलं धरण १९२६ साली पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांना पाणी मिळालं. कोरड्या पट्ट्यात ऊस उभा राहिला.

ऊस पिकला म्हणून शेतकरी सुधारला असं झालं नाही. लहान शेतकरी गुऱ्हाळ घालायचा, गूळ पाडायचा आणि ढेपा बाजारात न्यायचा. भाव पडला की वर्षाचं कर्ज अंगावर. १९३२ मध्ये सरकारनं देशी साखरेला संरक्षण दिलं आणि खासगी कारखाने भराभर वाढले. नगर जिल्ह्यातही ते होते. पण त्यांची गाडी चालायची ती मुख्यतः खंडानं घेतलेल्या मोठमोठ्या मळ्यांवर. शेतकऱ्याची जमीन कारखान्याकडं आणि शेतकरी त्याच जमिनीवर मजूर, असंही घडत होतं. साखरेतला नफा गावात राहत नव्हता.

या पट्ट्यातले बागायतदार १९४५ साली परिषदेला जमले. अध्यक्ष म्हणून बोलावलं गाडगीळांना. शेतकऱ्यांनी स्वतःचाच कारखाना काढावा, हा विचार तिथं धरून ठेवणारा एक माणूस होता लोणीचा, विठ्ठलराव विखे पाटील. शाळा फारशी न शिकलेला, पण गावात पतपेढी चालवून सहकाराचे टक्केटोणपे खाल्लेला.

एकाकडं केंब्रिजची पदवी, दुसऱ्याकडं गावाचा विश्वास. दोघांना एकमेकांची गरज होती.

प्राध्यापक कारखान्याचा अध्यक्ष होतो

हल्ली कॉलेजच्या नोटीस बोर्डावर आपण इंडस्ट्रीबरोबर एमओयू झाल्याच्या बातम्या वाचतो. फोटो असतो, शाल असते, हात मिळवलेले असतात. वर्षभरानं त्या कराराचं काय झालं, हे विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. मोठ्या शहरात तरी कंपनी शेजारी असते. शिरूरसारख्या तालुक्यात तर प्रश्न असा पडतो की इथं इंडस्ट्री आहे कुठं, आणि टायअप करायचा तरी कुणाशी?

प्रवरेकाठीही तेव्हा हीच अडचण होती. संशोधन करणारी संस्था पुण्यात होती, पण ज्याच्याशी करार करावा असा शेतकऱ्यांचा उद्योगच अस्तित्वात नव्हता. तो उभा करण्यापासून सुरुवात होती.

कारखाना काढायचा तर आधी कितीतरी साधे पण अवघड प्रश्न सोडवावे लागतात. आसपासच्या गावांत मिळून ऊस किती? दरवर्षी तेवढा मिळेल का? एकरी उतारा किती? शेतकऱ्याजवळ शेअरपुरते पैसे आहेत का? उसाला भाव किती दिला तर शेतकरी टिकेल आणि कारखानाही टिकेल? कर्ज किती वर्षांत फिटेल? हे सगळे प्रश्न पाहणीचे आहेत. ज्यानं त्या पट्ट्यातले आकडे आधीच हाताळलेले आहेत, तो माणूस इथं कामाचा होता.

प्रवरा सहकारी साखर कारखाना १९४८ साल सरता सरता नोंदला गेला. मुंबई राज्याचे अर्थ आणि सहकार ही खाती सांभाळणारे वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले. शेतकऱ्यांनी शेअर घेतले, सरकारनं भागभांडवल दिलं, औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज मिळालं. १९५०-५१ साली पहिला हंगाम झाला. आणि अध्यक्षाच्या खुर्चीत बसले प्राध्यापक गाडगीळ. विखे पाटील उपाध्यक्ष.

ही खुर्ची शोभेची नव्हती. सुरुवातीची अनेक वर्षं गाडगीळांनी ती सांभाळली. इकडं पुण्यात संस्थेचं संचालकपद, तिकडं प्रवरानगरला कारखान्याच्या बैठका. पुढं राज्य सहकारी बँकेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडं आलं. शेतकऱ्यांनी चालवलेल्या कारखान्याला पैसे द्यायला कोण धजावतं, असा तो काळ होता. हिशेब चोख आहे हे सांगायला एक माणूस लागतो, ज्याच्या शब्दाला शहरातल्या कचेरीत वजन आहे आणि गावातल्या पारावरही. गाडगीळांनी ते वजन खर्ची घातलं. कारखाना बुडाला असता तर त्यांची आयुष्यभराची पत बुडाली असती. अहवाल लिहून बाजूला होणाऱ्या संशोधकाला ही जोखीम घ्यावी लागत नाही.

सहकारी कारखान्यात एक नियम असतो. सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. दोन एकरवाला आणि वीस एकरवाला सभेत सारखेच. हा नियम कागदावर सुंदर दिसतो, पाळणं अवघड. पण प्रवरेचा प्रयोग टिकला आणि त्याकडं बघून महाराष्ट्रात एकामागून एक सहकारी कारखाने उभे राहिले. त्यांच्यामागोमाग रस्ते आले, शाळा आल्या, दवाखाने आले, इंजिनिअरिंग कॉलेजं आली. पश्चिम महाराष्ट्र आज जसा दिसतो, त्यामागं हा धागा आहे.

नंतर या कारखान्यांचं काय काय झालं तेही तुम्ही पेपरात वाचता. राजकारण शिरलं, कर्जं थकली, काही कारखाने विकले गेले. ते खरंच आहे. पण पहिल्या घडीला तिथं एक प्राध्यापक वही उघडून बसला होता, हेही खरं आहे.

आणि शिरूर?

आता त्या ट्रककडं परत येऊ.

ज्या वर्षी प्रवरेचा कारखाना नोंदला गेला, त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९४८ ला, तुमचा बीड जिल्हा निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला. म्हणजे गाडगीळांच्या पाहण्या चालू होत्या तेव्हा पाथर्डीच्या अलीकडं आणि पलीकडं दोन वेगळी राज्यं होती. नगर मुंबई इलाख्यात, बीड हैदराबाद संस्थानात. त्यांच्या पाहण्यांचा धागा सरहद्दीपाशी संपत होता. अलीकडं सिंदफणेचं कोरडं पात्र होतं, हलकी जमीन होती आणि पावसावर हवाला.

कारखाने वाढले तशी एक अडचण वाढली. ऊस तोडला की त्यातली साखर उतरायला लागते. तोडल्यापासून शक्य तर दिवसभरात तो गाळला गेला पाहिजे. म्हणजे तोडणी, वाहतूक आणि गाळप यांचं घड्याळ जुळलं पाहिजे. उत्तर प्रदेशात शेतकरी आपला ऊस आपण तोडून कारखान्यावर आणतो. महाराष्ट्रात पद्धत रुळली ती वेगळी. इथं तोडणी-वाहतूक कारखाना करतो आणि तो खर्च उसाच्या दरातून वजा होतो. हंगामाचे पाच-सहा महिने फडातच मुक्काम करेल, रात्री-अपरात्री गाडी भरेल, असं मनुष्यबळ त्यासाठी लागतं. ते मिळतं कुठं? जिथं दसऱ्यानंतर शेतात काम उरत नाही तिथं. शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, पाथर्डी. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ आणखी वाढला.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. तो तोडतो, ती पाचट सोलते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. पैसे टनावर. एखादा दिवस चुकला तर खाडा, तो उचलीच्या हिशेबात चढतो. हंगाम संपतो तेव्हा उचल फिटली की नाही हे मुकादमाच्या वहीत असतं.

आता एक गोष्ट नीट बघा. कारखान्याच्या सभासद यादीत ऊस पिकवणारा आहे. त्याला मत आहे. हजेरीपटावर कारखान्याचा कामगार आहे, त्याला पगार आहे, युनियन आहे. ऊस तोडणारा कोयता यातल्या कुठल्याच रजिस्टरवर नाही. त्याचं नाव मुकादमाच्या वहीत, आणि मुकादमाचा करार वाहतूकदाराशी. साखरेचा प्रत्येक दाणा ज्याच्या हातातून जातो, त्याचा हिशेब कारखान्याच्या बाहेर राहिला.

उसावरचं संशोधन मात्र थांबलेलं नाही. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करतंय. राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८ चं. आणि १९७५ मध्ये खुद्द साखर कारखान्यांनी पुढाकार घेऊन पुण्याजवळ मांजरीला संशोधन संस्था काढली, ती आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. उसाच्या नव्या जाती, उतारा, ठिबक, कीड, आसवनी, इथेनॉल, सगळ्यावर काम झालं. विद्यापीठ आणि उद्योग एकत्र आले की काय होऊ शकतं याचं हे उदाहरण आहे, आणि शेतकऱ्याला त्याचा फायदा झाला. त्या मानानं कोयत्याची मूठ, मोळीचं वजन, फळीचा चढ, कोपीतलं पाणी, फडातल्या बाईची पाळी यांवरचं काम फारच थोडं.

न मोजलेल्या गोष्टीचं काय होतं, ते २०१९ मध्ये सगळ्या राज्यानं पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. सरकारनं समिती नेमली, जिल्ह्यात या बायकांची पाहणी झाली आणि आकडा हजारांत निघाला. ज्या गावांत हे घडत होतं, तिथल्या माणसांना आधीपासून माहीत होतं. पण कुणी लिहून घेतलेलं नव्हतं, म्हणून ते सरकारदरबारी घडलेलंच नव्हतं.

दिल्ली, आणि तो एक मार्क

गाडगीळांची गोष्ट पुरी करू. १९६६ मध्ये त्यांनी गोखले संस्थेचं संचालकपद सोडलं. पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद सांभाळलं. १९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तोवर कुठल्या राज्याला किती मदत द्यायची याला धड नियम नव्हता. ज्याचा आवाज मोठा त्याला जास्त, असा आरोप व्हायचा. गाडगीळांनी नियम बसवला. साठ टक्के वाटप लोकसंख्येवर. उरलेल्या चाळीसात दहा टक्के देशाच्या सरासरीपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या राज्यांसाठी, दहा टक्के करवसुलीच्या प्रयत्नांवर, दहा टक्के पाटबंधारे-विजेच्या चालू प्रकल्पांसाठी आणि दहा टक्के खास अडचणींसाठी. १९६९ मध्ये हे मान्य झालं. हेच तुमचं गाडगीळ सूत्र.

त्याच वर्षी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि गाडगीळांच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासगटानं आणखी एक गोष्ट सुचवली. एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर टाका. तिनं त्या जिल्ह्याचा अभ्यास करावा, कुठं कर्ज पोहोचत नाही ते शोधावं. तीच पुढं अग्रणी बँक योजना झाली. परीक्षेत याचाही एक मार्क असतो. पण यातला विचार जुनाच आहे, वाई तालुक्यातला. आधी जागेवर जा, बघा, मोजा. मग पैसा कुठं घालायचा ते ठरवा.

१९७१ मध्ये नियोजन आयोगातलं काम संपलं आणि काही दिवसांतच, ३ मे १९७१ रोजी, ते गेले. बीडमधून फडाकडं जाणारा ओघ वाढवणारा तो मोठा दुष्काळ पुढच्याच वर्षी पडला. तेव्हा शिरूर-पाटोद्याकडं कुणी तशी वही घेऊन यावं, असं सांगायला ते उरले नव्हते.

तुमच्या फाईलमध्ये काय असेल?

आपल्याकडं इंडस्ट्री नाही, असं शिरूरचा मुलगा सहज म्हणतो. (त्याआधी त्याला हेही सांगावं लागतं की आमचं शिरूर ते पुण्याजवळचं घोडनदीचं नव्हे.) पण साखर हा महाराष्ट्रातला केवढा मोठा उद्योग आहे, आणि त्याचा एक विभाग, तोडणीचा, तुमच्या तालुक्यात राहतो. फरक एवढाच की तो कंपनीच्या गेटच्या आत नसून तुमच्या घरात आहे.

आता फडात तोडणीची यंत्रं दिसू लागलीत. त्यांना सरकारचं अनुदान आहे. एक यंत्र आलं तर किती कोयत्यांचं काम जातं? ते कोयते मग काय करतात? उचल घेतलेली असताना यंत्र आलं तर? लहान, तुकड्यातल्या शेतात यंत्र चालतं का? कारखान्यांना याची उत्तरं हवीत, विद्यापीठांना हवीत, सरकारलाही हवीत. आणि ती शिरूरमधूनच मिळू शकतात, कारण ज्यांना विचारायचं ती माणसं तुमची आत्या, चुलता, शेजारी आहेत. पुण्याहून आलेल्या पाहणीवाल्याला मुकादम वही दाखवणार नाही. तुम्हाला कदाचित दाखवेल. निदान तुमची आई तरी खरं काय ते सांगेल.

यात धोका नाही असं नाही. मुकादमाबद्दल लिहिलं तर पुढच्या वर्षी उचल मिळेल का, ही भीती खोटी नाही. म्हणून नावं लिहू नका. गावाचंही नाव गाळा, हवं तर. तुमच्या सरांशी आधी बोलून घ्या. आकडे लिहा. वस्तीवरून किती कोयते गेले, कोणत्या तारखेला निघाले, उचल किती, टनाला दर काय मिळाला, खाडे किती पडले, परत आले तेव्हा हातात काय होतं किंवा डोक्यावर काय होतं. बरोबर गेलेली पोरं किती, हंगामी वसतिगृहात राहिलेली किती. एवढं एका वस्तीचं, एका हंगामाचं, खरं लिहिलं तरी पुरे. शेजारच्या गावातल्या मैत्रिणीनं तिच्या वस्तीचं लिहिलं तर दोन वस्त्या होतील. वर्ग मिळून चाळीस वस्त्या होतील. चाळीस वस्त्यांची वही घेऊन तुमचे प्राध्यापक छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात किंवा एखाद्या कारखान्याच्या दारात गेले, तर बोलणं वेगळ्या पातळीवर सुरू होईल. टायअप तिथून सुरू होतो. शाल आणि फोटो नंतर आले तरी चालतील.

गाडगीळांनी ऊस पिकवणाऱ्याचा हिशेब मांडला आणि त्याला कारखान्याच्या सभेत जागा मिळाली. ऊस तोडणाऱ्याचा हिशेब मांडायचा राहिलाय. तो मांडायला केंब्रिजला जावं लागत नाही. दोनशे पानी वही लागते, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लवकर उठावं लागतं, ट्रक निघायच्या आत.